सेतुमाधवराव पगडी : एका बहुभाषिक अभ्यासकाचे चरित्र

सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते प्रामुख्याने इतिहासकार म्हणून. मोगल दरबारची फार्सी साधने मराठीत आणणारे संशोधक, शिवचरित्रकार, सूफी संप्रदायाचे आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार अशी त्यांची ओळख रूढ झाली आहे आणि ती रास्तही आहे. परंतु हे सारे लेखन ज्या भाषासामर्थ्यावर उभे राहिले, त्या सामर्थ्याची घडण कोठे आणि कशी झाली, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. निलंग्यासारख्या गावी जन्मलेल्या या गृहस्थाने गोंडी आणि कोलामी या दोन आदिवासी भाषांची व्याकरणे लिहिली, आणि द्राविडी भाषाशास्त्राच्या जागतिक अभ्यासाला ती आधारभूत ठरली, ही गोष्ट मराठीच्या वर्गांतून क्वचितच सांगितली जाते. याचे एक कारण असे की ती व्याकरणे इंग्रजीत आहेत. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. मराठीचा अभ्यास करणाऱ्याने शेजारच्या भाषांकडे पाहण्याची आवश्यकता आपल्या अभ्यासक्रमांनी कधी मनापासून मानलीच नाही.

किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा हा तेरणा आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतला पट्टा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीचे नाव जगभर गेले आणि तेव्हापासून या भागाचा उल्लेख त्या दुर्घटनेशीच जोडला गेला. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र हा पट्टा फार पूर्वीपासून लक्षणीय आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला काही कोसांवर कन्नड सुरू होते, बीदर ओलांडून पुढे गेले की तेलुगू भेटते आणि गावोगावच्या मुसलमान वस्तीत दखनी बोलली जाते. येथल्या मराठीचे ‘करूलालाव’ यांसारखे क्रियारूप पुण्याच्या माणसाला चमत्कारिक वाटते. जमिनीच्या व्यवहारात ‘मुन्तखब’, ‘खासरा’ असे शब्द येथे सहज येतात, कारण येथली दफ्तरे अनेक पिढ्या फार्सीत आणि मग उर्दूत लिहिली गेली. किल्लारीच्या पूर्वेस, फार दूर नव्हे, निलंगा आहे. तेथे २७ ऑगस्ट १९१० रोजी सेतुमाधवरावांचा जन्म झाला.

त्या वेळी निलंगा हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग झाले, १९६०मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले आणि १९८२मध्ये नव्या लातूर जिल्ह्याला जोडले गेले. एका माणसाच्या हयातीत त्याच्या जन्मगावाने तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. या प्रत्येक बदलामागे भाषा हे कारण कमीअधिक प्रमाणात होते. बीदर जिल्हा तर असा की तेथे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांचे प्रदेश एकमेकांना भिडत आणि वर उर्दूचे राजभाषिक छत्र असे.

हैदराबाद संस्थानातल्या भाषिक परिस्थितीचे यथार्थ आकलन झाल्याशिवाय पगडींच्या घडणीचा उलगडा होत नाही. संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू भाषक, चौथा हिस्सा मराठी भाषक, दहावा हिस्सा किंवा थोडी अधिक कन्नड भाषक होती. उर्दू मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाणही साधारण तेवढेच, म्हणजे दहावा हिस्सा किंवा थोडे अधिक. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा तेथे उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले, विज्ञान आणि कायद्याच्या परिभाषा घडविण्यात आल्या आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवण्यात आला. देशी भाषेतून शिकविणे शक्य नाही, या वसाहतवादी समजुतीला उस्मानियाने दिलेले उत्तर खणखणीत होते. पण ते उत्तर दहापैकी जवळजवळ नऊ प्रजाजनांच्या मातृभाषेत नव्हते, हा त्या प्रयोगातला मूळ विरोध. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याने या अन्यायावर नेमके बोट ठेवले. मराठी शाळांसाठी, मराठी ग्रंथालयांसाठी आणि मराठी वृत्तपत्रांसाठी झालेला झगडा हा त्या लढ्याचाच भाग होता.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू मराठवाड्याच्या चरित्रलेखनात बहुधा वगळली जाते. लादलेली भाषा शिकणाऱ्याच्या हाती शेवटी काय लागते, हा प्रश्न लादणाऱ्याच्या हेतूपेक्षा वेगळा असतो. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा उर्दूचा महापंडित औरंगाबादेस राहून काम करीत होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे केंद्र दीर्घकाळ औरंगाबादेतच होते. याच अब्दुल हकांनी मराठीवरील फार्सीच्या प्रभावाचा अभ्यास करून त्यावर उर्दूत ग्रंथ लिहिला. इकडे पुण्या-कोल्हापुरात माधवराव पटवर्धन १९२५मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करीत होते. मराठी आणि फार्सी-उर्दू यांच्या संबंधांचा विचार त्या पिढीत दोन्ही बाजूंनी चालू होता. पगडी त्या वातावरणात वाढले.

त्यांच्या बालपणाचा आणि शिक्षणाचा काळ गुलबर्गा आणि हैदराबाद यांच्याशी निगडित आहे. गुलबर्गा हे कन्नड मुलखातले शहर, पण ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यामुळे दखनी आणि फार्सी परंपरेचेही पीठ. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाच्या कानावर कन्नड आणि दखनी बाजारातच पडते. शाळेतली उर्दू मात्र निराळी असते. दखनीतले मोकळे, मराठी-कन्नड वळणाचे बोलणे आणि दफ्तरातली फार्सीप्रचुर उर्दू यांतले अंतर पुस्तकी मराठी आणि तेरणाकाठची मराठी यांतल्या अंतरासारखेच आहे, किंबहुना अधिक. म्हणजे असा विद्यार्थी एका भाषेची दोन रूपे आणि त्यांच्या वापराची दोन क्षेत्रे आपोआप शिकतो. आधुनिक समाजभाषाविज्ञान ज्याला भाषाद्वैत म्हणते, त्याचा धडा या प्रदेशातल्या मुलांना परिभाषेशिवायच मिळत असे. पुढे पगडी बनारस हिंदू विद्यापीठात पदवीसाठी गेले आणि अलाहाबाद विद्यापीठातून एम. ए. झाले. उर्दू माध्यमाच्या वातावरणातून आलेल्या दक्षिणी तरुणाला गंगाकाठी हिंदी-उर्दूचा वाद ऐन भरात असताना शिकावे लागले, हा योगायोग त्यांच्या दृष्टीला व्यापकता देणारा ठरला असावा. भाषा आणि धर्म यांची सांगड घालण्याच्या त्या काळच्या सवयीपासून ते पुढे आयुष्यभर अलिप्त राहिले, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट दिसते.

१९३३मध्ये ते हैदराबाद मुलकी सेवेत दाखल झाले. येथून त्यांच्या भाषाभ्यासाचा खरा कसोटीचा काळ सुरू होतो.

मुलकी अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी, ही कल्पना हिंदुस्थानात नवी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी देशी भाषांच्या परीक्षा घेतल्या जात. उत्तीर्ण होणाऱ्यास बढती आणि बक्षिसी मिळे. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्यासारखे कोशकार याच व्यवस्थेतून पुढे आले आणि मराठीला त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही. पण या परीक्षांचे स्वरूप पाहिले तर त्या बव्हंशी लिखित उताऱ्यांच्या भाषांतरावर आणि मुन्शीने घोटवून घेतलेल्या वाक्यांवर उभ्या होत्या. परीक्षा उत्तीर्ण झालेला साहेब कचेरीत अर्ज वाचू शके. चावडीवर उभ्या असलेल्या कुणब्याचे गाऱ्हाणे त्याला समजेलच, याची हमी ती परीक्षा देत नसे. परीक्षा जे मोजते आणि व्यवहाराला जे लागते, यांतली ही तफावत भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात आजही संपलेली नाही. मराठीच्या परीक्षेत निबंध लिहून गुण मिळविणारा विद्यार्थी तलाठ्याच्या कचेरीत साधा अर्ज लिहिताना अडखळतो, हे प्रत्येक अध्यापक जाणतो.

हैदराबाद संस्थानात ही तफावत तिहेरी होती. अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्हाधिकारी, उर्दूत हुकूम लिही. पाटील-पटवाऱ्याचे कागद तेलुगू किंवा मराठीत असत. आणि ज्याच्याविषयी हे सारे लिहिले जाई, तो माणूस पुष्कळदा चौथीच भाषा बोलत असे. ही साखळी सर्वांत जाचक झाली ती आदिलाबाद जिल्ह्यात. गोंड आणि कोलाम यांच्या कसणुकीखालील जमिनी राखीव जंगलात गेल्या, बाहेरून आलेल्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावे चढल्या. ज्या कागदांवर हे घडले ते कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि ज्या कचेरीत दाद मागायची, तेथे त्यांची भाषा कोणाला कळत नव्हती. मधला दुभाषा हा अनेकदा त्याच सावकाराचा माणूस असे. १९४०मध्ये कुमराम भीमच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाचारण करण्यात आले.

हायमेनडॉर्फ यांच्या शिफारशींतून जमिनींचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले, तशीच १९४३मध्ये मार्लावाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याची योजनाही सुरू झाली. भाषाशिक्षणाच्या इतिहासात या योजनेला महत्त्व आहे. मुलाला पहिले वाचन त्याच्या भाषेतून, म्हणजे गोंडीतून शिकवायचे, असे तेथे ठरले. गोंडीला आपली प्रचलित लिपी नव्हती. जे थोडे गोंड साक्षर होते ते मराठीमुळे साक्षर होते, म्हणून गोंडी वाचनमाला देवनागरीत छापण्यात आली. म्हणजे उर्दू राजभाषा असलेल्या संस्थानात, तेलुगूबहुल प्रदेशाच्या काठावर, एका द्राविडी भाषेच्या शाळेला मराठीच्या लिपीने वाट करून दिली. मातृभाषेतून आरंभिक शिक्षण, मग प्रादेशिक भाषा, मग राज्याची भाषा असा जो क्रम भाषाशिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्रहाने मांडू लागले, त्याचा एक कच्चा पण प्रामाणिक आराखडा मार्लावाईस आधीच आखला गेला होता.

आदिलाबादेत अधिकारी म्हणून काम करताना पगडींनी गोंडी शिकून घेतली आणि नंतर कोलामी. हे शिकणे हौसेचे नव्हते. दुभाष्याला मधून काढल्याशिवाय तक्रार कानावर येणार नाही, हे ज्याला उमगले त्याला दुसरा मार्ग नव्हता. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यापाठोपाठ १९५०मध्ये कोलामी भाषेचे आणि १९५४मध्ये गोंडी भाषेचे व्याकरण हैदराबादहून निघाले.

या दोन व्याकरणांचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडात, १९०६मध्ये, स्टेन कोनो यांनी गोंडी आणि कोलामी यांची दखल घेतली होती. पण ती पाहणी नमुना-उताऱ्यांवर आधारलेली होती. चेनेव्हिक्स ट्रेंच या अधिकाऱ्याने १९१९च्या सुमारास लिहिलेले गोंडी व्याकरण बैतूलकडच्या बोलीचे, म्हणजे सातपुड्यातले होते. आदिलाबादची गोंडी त्याहून बरीच वेगळी. कोलामीची अवस्था तर याहून बिकट होती. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी वर्ध्याकडची कोलामी १९३०च्या दशकाच्या अखेरीस टिपली होती खरी, पण त्यांचा ग्रंथ बाहेर पडला तो १९५५मध्ये. त्या ग्रंथात आदिलाबादच्या कोलामीसाठी एमेनो यांनी पगडींच्या व्याकरणाचा आधार घेतला. पुढे बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात पगडींनी जमविलेले गोंडी आणि कोलामी शब्द त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांसह जागोजाग नोंदले गेले.

मराठी भाषकाला, त्यातही कन्नड जाणणाऱ्या मराठी भाषकाला, या भाषा शिकताना काय सोपे आणि काय अवघड वाटेल, याचा थोडा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही. एकापुढे एक प्रत्यय जोडून शब्द वाढविण्याची द्राविडी रीत कन्नडमुळे ओळखीची असते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून केलेले अनेकवचन, मराठीत आहे, तेलुगूत आहे आणि गोंडीच्या अनेक बोलींत आहे. आधुनिक कन्नडमध्ये मात्र तो उरलेला नाही. मराठीतला हा विशेष द्राविडी संपर्काची खूण म्हणून दाखविला जातो, तेव्हा या ठिकाणी मराठी माणूस कन्नडिगापेक्षा गोंडाला जवळचा ठरतो. खरी पंचाईत होते ती लिंगव्यवस्थेत. मराठीला तीन लिंगे आहेत आणि ती निर्जीव वस्तूंनाही चिकटतात. कन्नड एकवचनात पुरुष, स्त्री आणि इतर असे तीन वर्ग करते. गोंडी आणि कोलामी यांत पुरुष एका वर्गात, आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू असे बाकी सारे दुसऱ्या वर्गात जाते, तेही एकवचनात आणि अनेकवचनात सारखेच. तेलुगू जाणणाऱ्यालाही हे अर्धेच ओळखीचे, कारण तेलुगू अनेकवचनात स्त्रियांना पुरुषांबरोबर धरते. चार भाषा येणारा माणूस पाचवी शिकताना आधीच्या चारांची मदत घेतो आणि त्याच चारांमुळे चुकतो. बहुभाषिकतेचा हा नित्याचा अनुभव पाठ्यपुस्तकांत क्वचितच मांडला जातो.

पगडींच्या व्याकरणांत आधुनिक वर्णविचाराची काटेकोर शिस्त शोधू नये. ती एका कार्यमग्न प्रशासकाने व्यवहारासाठी आणि जिज्ञासेने केलेली कामे आहेत. त्यांचे महत्त्व त्यातल्या सामग्रीत आहे. अशा सामग्रीचा एक कठोर निकष असतो. दुसऱ्या अभ्यासकाला तिच्यावर विसंबून पुढे जाता येते काय? हा निकष पगडींच्या संग्रहाने पार केला.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. राज्यसंस्थेच्या अधिकाऱ्याने आदिवासींची भाषा शिकणे हे सत्तेचे हात लांब करणेच नव्हे काय? निजामाच्या राजवटीतला मुलकी अधिकारी हा त्या राजवटीचा घटक होता आणि ज्या काळात मराठवाड्यातले अनेक तरुण शिक्षण आणि नोकऱ्या सोडून तुरुंगात जात होते, त्या काळात पगडी शासनाच्या सेवेत होते. हा मुद्दा टाळून चालणार नाही. परंतु भाषा शिकण्याने सत्ता जशी खाली उतरते, तशी तक्रारही वर जाते. आदिलाबादेत भाषा न शिकण्याची किंमत कोणी मोजली, हे १९४०मध्ये दिसले होते. दुभाष्याच्या हाती असलेली मक्तेदारी मोडणे ही तेथल्या परिस्थितीत लहान गोष्ट नव्हती. स्वातंत्र्यसंग्रामाच्या मापाने या कामाला मोजणे जितके अन्यायाचे, तितकेच त्याला संग्रामाच्या पंक्तीला बसविणेही अतिशयोक्तीचे होईल.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. उर्दूचे राजभाषिक स्थान गेले आणि उस्मानियातले माध्यमही लवकरच बदलून इंग्रजीवर आले. एका अन्याय्य व्यवस्थेचा तो स्वाभाविक अंत होता. पण त्याबरोबर देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तीस वर्षांचा अनुभव, त्यातल्या यशापयशासह, अडगळीत पडला. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना पुढे मराठी माध्यमाची परिभाषा घडविताना तो उपयोगी पडू शकला असता. १९५६मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, त्यातला किनवट तालुका मराठीबहुल म्हणून नांदेडला जोडला गेला. राजुराही आधी नांदेडला आणि १९५९मध्ये चांद्याला गेला. रेषा मराठी आणि तेलुगू यांच्या हिशेबाने ओढली गेली. गोंडी आणि कोलामी रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. एकीकडच्या मुलांच्या वाट्याला मराठी शाळा आली, दुसरीकडच्यांच्या वाट्याला तेलुगू. देवनागरीतली गोंडी वाचनमाला आता सीमेपलीकडच्या शाळेला परकी झाली. भाषावार प्रांतरचना हा लोकशाहीचा विजय होता, हे खरेच. ज्यांच्या भाषेला प्रांत मिळाला नाही, त्यांची बाजू मात्र त्या विजयाच्या वर्णनात येत नाही.

स्वतः पगडी पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या आणि मग महाराष्ट्राच्या सेवेत आले. वरिष्ठ पदांवर काम करून १९६०च्या दशकात त्यांनी राज्याच्या गॅझेटियर विभागाचे कार्यकारी संपादक म्हणून धुरा सांभाळली. याच काळात आणि निवृत्तीनंतर त्यांचे इतिहासलेखन बहराला आले. ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ या संग्रहाने मराठी इतिहासाभ्यासकाला औरंगजेबाच्या छावणीतल्या रोजच्या घडामोडींत आणून बसविले. भीमसेन सक्सेना या बऱ्हाणपुरी कायस्थाच्या फार्सी आठवणी ‘मोगल आणि मराठे’ या नावाने मराठीत आल्या. ‘मराठे व औरंगजेब’मधून मासिरे आलमगिरीतला वृत्तांत आला. इंग्रजीत १९६३मध्ये अठराव्या शतकातल्या दख्खनवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. मराठ्यांचा इतिहास मराठी बखरी आणि पत्रांच्या आधारे लिहिणाऱ्यांपुढे प्रतिपक्षाचा कागद त्याच्याच भाषेतून वाचून ठेवणे, हे या सर्व कामाचे सूत्र.

येथे भाषाज्ञानाचा वेगळाच प्रकार दिसतो. फार्सी पगडींना गावकऱ्यांशी बोलायची नव्हती. शिकस्ता वळणात घाईघाईने लिहिलेली बातमीपत्रे वाचायची होती, मोगल महसुलाच्या आणि मन्सबदारीच्या संज्ञा नेमक्या ओळखायच्या होत्या. त्या संज्ञांपैकी पुष्कळ निजामी कारभारात जिवंत होत्या. तालुकदार म्हणून ज्याने मुन्तखब आणि फर्मान हाताळले, त्याला सतराव्या शतकातला दफ्तरी शब्द कोश न उघडता कळतो. ग्रंथालयात फार्सी शिकलेल्या पंडिताला ही सोय नव्हती. उलट, भाषांतरकार म्हणून पगडींची मर्यादाही येथेच आहे. मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित भागावर त्यांचा भर असे आणि मराठी वाचकाला अडखळू न देण्याकडे कल असे. त्यामुळे मराठी वाक्य प्रवाही होते, पण शब्दाशब्दाची शहानिशा करू पाहणाऱ्या संशोधकाला मूळ फार्सीकडे वळावेच लागते.

उर्दू काव्याचा परिचय करून देणारी त्यांची पुस्तके, विशेषतः ‘मिर्झा गालिब आणि त्याच्या उर्दू गझला’, ही याहून वेगळ्या क्षमतेची साक्ष देतात. गालिबची ओळ कळण्यासाठी शब्दार्थ पुरत नाही. श्रोत्याला काय सांगावे लागते आणि काय न सांगताच कळते, हे माहीत असावे लागते. ही जाण दरबारी उर्दूत वावरलेल्या, मुशायऱ्यांच्या शहरात तारुण्य घालविलेल्या माणसापाशी होती. ‘सूफी संप्रदाय : तत्त्वज्ञान आणि कार्य’ या ग्रंथालाही गुलबर्ग्याची पार्श्वभूमी आहे, असे मानण्यास जागा आहे. ज्या पिढीने उर्दूशी राजकीय झुंज दिली, त्या पिढीतल्या मराठी वाचकांपुढे उर्दूचे काव्य आणि दर्ग्यांचे तत्त्वज्ञान शांतपणे मांडणे, यात एक प्रकारचे धैर्य होते. त्याचा गाजावाजा त्यांनी केला नाही.

पगडींना किती भाषा येत, याविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात. बहुभाषिकांच्या बाबतीत अशी आकडेमोड नेहमीच होते आणि ती बहुधा निष्फळ असते. मराठीत त्यांनी ग्रंथ लिहिले, इंग्रजीत ग्रंथ लिहिले, उर्दूत कारभार केला आणि काव्य आस्वादले, फार्सी वाचली, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांकडून शिकून त्यांची व्याकरणे बांधली. यांतली प्रत्येक भाषा वेगळ्या वयात, वेगळ्या कारणाने, वेगळ्या मार्गाने आली आणि प्रत्येकीत जमणारी गोष्ट वेगळी होती. कोणत्याही एका प्रश्नपत्रिकेने या सर्वांचे मूल्यमापन झाले नसते. भाषाक्षमता ही एकसंध वस्तू नसून प्रयोजनांनुसार विभागलेली असते, हे तत्त्व मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला समजावून द्यायचे तर परदेशी उदाहरणांकडे जाण्याचे कारण नाही.

‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र या सर्व प्रवासाचा मोठा पुरावा आहे आणि हैदराबाद संस्थानच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही ते वाचले गेले पाहिजे. १९९२मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. पुढच्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पगडी ८३ वर्षांचे होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, १४ ऑक्टोबरला, सेतुमाधवराव निवर्तले. त्यांचे जन्मगाव निलंगा आणि त्याच्या शेजारची किल्लारी या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एकेकाळी आदिलाबादचा भाग असलेला, कोलामांची आणि गोंडांची वस्ती असलेला किनवट तालुकाही येतो.